बॉलला न कळणारी गोष्ट : पूल खेळाडूंच्या स्ट्रोकविषयी

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोघातिघांनी विचारलं, सर, तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानात हे पूल कुठून आलं? त्यांना मी सांगितलं की ते आधीपासूनच आहे. डेव्हिड ह्यूमनं कार्यकारणभावाची चर्चा करताना बिलियर्डचेच बॉल घेतले होते. एक बॉल येतो, दुसऱ्यावर आपटतो, दुसरा चालू लागतो. ह्यूम विचारतो, यात ‘कारण’ नावाची वस्तू तुम्हांला दिसली कुठे? दिसल्या त्या एकापाठोपाठ एक घडलेल्या दोन घटना. त्याचं ते पुस्तक १७४८ सालचं. तेव्हापासून तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी त्या दोन बॉलांकडे टक लावून बसले आहेत. पहिला बॉल ज्यानं मारला त्या माणसाच्या हाताकडे मात्र फारसं कुणी पाहिलेलं नाही. आज आपण तो हात पाहणार आहोत.

ज्यांनी पूल फक्त सिनेमात पाहिलंय त्यांच्यासाठी दोन मिनिटं. नऊ फुटी टेबल, सहा पॉकेट्स, हातात क्यू म्हणजे लाकडी काठी, तिच्या टोकाला चामड्याची टिप. खेळाडू वाकतो, डावा हात कापडावर टेकवून क्यूला आधार देतो, त्या आधाराला ब्रिज म्हणतात. उजव्या हातानं क्यूचा मागचा भाग धरतो, दोनचार वेळा मागेपुढे करून अंदाज घेतो आणि मग पांढरा बॉल मारतो. मागेपुढे करण्यापासून मारून हात थांबेपर्यंतच्या या सगळ्या हालचालीला स्ट्रोक म्हणायचं.

आता यातली एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. टिप आणि बॉल यांचा स्पर्श सेकंदाच्या साधारण एक हजारांश भागाइतका टिकतो. तेवढ्यात बॉलला काय कळतं? टिप कुठे लागली, कोणत्या दिशेनं आणि किती तिरकी आली, वेग किती होता, आणि क्यूचा पुढचा भाग किती जड आहे. संपलं. तुमचं कोपर बाहेर होतं का, तुम्ही मागे नेऊन थांबला होतात का, हनुवटी क्यूला टेकली होती का, यातलं काहीही बॉलला कळत नाही. त्या हजारांश सेकंदाची प्रत तुम्ही हुबेहूब काढलीत, तर बॉल हुबेहूब तसाच जाईल, मग ती प्रत विश्वविजेत्यानं काढलेली असो की यंत्रानं.

मग प्रश्न असा पडतो, की बॉलच्या दृष्टीनं सगळे स्ट्रोक शेवटी सारखेच असतील, तर जगातले उत्तमोत्तम खेळाडू एकमेकांपेक्षा इतके वेगळे का मारतात? आणि त्या वेगळेपणाला आपण काय म्हणायचं? दोष? सवय? शैली? हा नुसता शब्दांचा खेळ नाही. बारा वर्षांचा एखादा मुलगा वेडावाकडा हात फिरवून बॉल पाडत असतो, तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या शिक्षकाला याचं उत्तर द्यावंच लागतं, आणि ते त्या मुलाला आयुष्यभर पुरतं.

काही हात पाहू.

एफ्रेन रेयेस. फिलिपिन्सचा, जन्म १९५४. लहानपणीच मनिलात काकाच्या पूल हॉलमध्ये राहायला आला, टेबलावरच झोपायचा, उंची पुरत नव्हती म्हणून शीतपेयाच्या खोक्यांवर उभं राहून खेळायचा. १९८५ मध्ये अमेरिकेत गेला तो सीझर मोरालेस या नावानं, कारण त्याची कीर्ती त्याच्याआधीच तिथे पोचली होती आणि खऱ्या नावावर पैज लावायला कुणी तयार झालं नसतं. १९९४ मध्ये यूएस ओपन जिंकणारा तो पहिला अमेरिकेबाहेरचा खेळाडू झाला आणि १९९९ मध्ये नाइन-बॉलचा विश्वविजेता. याचा स्ट्रोक पाहिलात तर पहिल्यांदा वाटेल, हा माणूस क्यू धरतोय की पाळणा हलवतोय? लांब, सैल, मनगट मोकळं, क्यू झुलत राहतो. थांबणं कुठेच नाही. मागे जाणं आणि पुढे येणं यांच्यात सांधाच दिसत नाही, आपल्याकडे चांगल्या गवयाची मींड असते ना, तसं. आणि त्या सैल हातातून बॉलला जी फिरकी मिळते ती अंगावर येते, कारण वेग हळूच असतो आणि फिरकी प्रचंड.

त्याचाच देशबांधव फ्रान्सिस्को बुस्तामान्ते, २०१० चा विश्वविजेता. हा अंदाज घेताना टिप जवळजवळ कापडाला लावतो. पाहणाऱ्याला वाटतं, आता हा बॉलच्या पायाशी मारणार. शेवटच्या क्षणी टिप वर येते आणि भलतीकडेच लागते. कुठल्याही प्रशिक्षण-पुस्तकात हे चूक आहे. जिथे मारायचं तिथेच टिप ठेवून अंदाज घ्या, हा पहिल्या धड्यातला नियम. हा गृहस्थ तो नियम दर फटक्याला मोडतो आणि टेबल साफ करून बसतो.

आता एकदम दुसऱ्या टोकाला या. अ‍ॅलिसन फिशर, इंग्लंडची. स्नूकरची महिला विश्वविजेती सात वेळा. १९९५ मध्ये ती अमेरिकेत पूल खेळायला आली आणि १९९६, ९७, ९८ अशी सलग तीन वर्षं आणि पुन्हा २००१ मध्ये नाइन-बॉलची विश्वविजेती झाली. तिचा स्ट्रोक म्हणजे स्नूकरची शाळा. हनुवटी क्यूवर, क्यू छातीला घासून जाणारा, शरीर खिळल्यासारखं, हलतो तो फक्त कोपरापासून खालचा हात. मागे नेल्यावर एक स्पष्ट विराम. त्या विरामात ती काय करते? नजर स्थिर करते. मागे जाणारा हात आणि पुढे येणारा हात या दोन वेगळ्या क्रिया आहेत असं मानणारी ही पद्धत. रेयेसच्या लेखी ती एकच क्रिया आहे.

स्नूकरचं टेबल बारा फुटी, पॉकेटची तोंडं गोलसर. बॉल जरा कडेला लागला की बाहेर फेकला जातो. तिथे सरळपणाला पर्याय नसतो, म्हणून स्नूकरनं असा हात घडवला. पुलाची पॉकेट्स त्या मानानं उदार, बॉल पाडणं सोपं, पण पांढरा बॉल पुढच्या फटक्यासाठी नेमका कुठे जाऊन थांबतो यावर सगळा खेळ. त्यामुळे पुलानं बॉल फिरवणारा हात घडवला. आणि पुलाच्या आतसुद्धा भेद आहेतच. विली मोस्कोनीनं १९५४ मध्ये स्ट्रेट पूलमध्ये सलग ५२६ बॉल पाडले. त्या प्रकारात पांढरा बॉल वीतभर, हातभर हलवायचा असतो, म्हणून मोस्कोनीचा स्ट्रोक आखूड, आवरलेला, एखाद्या कारकुनाच्या सहीसारखा. उलट फिलिपिन्समध्ये रोटेशन हा प्रकार लोकप्रिय, पंधराही बॉल क्रमानं पाडायचे, पांढऱ्या बॉलला टेबलभर हिंडवायचं. लांब हात हवाच.

इथपर्यंत सगळं सरळ आहे. टेबलानं आणि खेळानं हात घडवला. फिलिपिनो स्ट्रोकचं स्पष्टीकरण म्हणून आणखी एक गोष्ट नेहमी सांगतात. तिथली हवा दमट, कापड जाड आणि संथ, म्हणून बॉल ढकलायला मोठा झोका लागायचा. पटण्यासारखं आहे. पण मला ते अपुरं वाटतं, आणि इथे जरा थांबायला हवं.

कारण परिस्थिती बदलली तरी हात बदलला नाही. रेयेस अमेरिकेत, युरोपात, वातानुकूलित सभागृहात, नव्याकोऱ्या वेगवान कापडावर खेळला, तेव्हाही त्याचा हात तसाच झुलत होता. कारण संपलं की कार्य संपायला हवं, असं आपण म्हणतो. इथे कारण संपलं आणि कार्य उरलं. उरलं एवढंच नाही, नव्या जागी ते नवं काम करायला लागलं. संथ कापडावर जो झोका बॉलला कसाबसा पोचवण्यासाठी होता, तोच वेगवान कापडावर नाजूकपणासाठी वापरता आला.

टिप खाली ठेवण्याचंही तेच. बॉलचा चेहरा गोल, त्याचा मध्य डोळ्यांनी शोधणं कठीण. पण बॉल कापडाला जिथे टेकतो ती जागा एका बिंदूइतकी. टिप तिच्यावर रोखली की मध्यरेषा आपोआप सापडते. मग वर, खाली, डावीउजवीकडे किती सरकायचं ते शेवटच्या झोक्यात हात ठरवतो. आता यात अजून एक मेख. बॉलच्या उजव्या बाजूला मारलं की बॉल किंचित डावीकडे ढळतो. जुन्या क्यूंमध्ये हे ढळणं बरंच असायचं. पण मागचा हात सरकवून टिप उजवीकडे आणली की क्यूचा रोखही उजवीकडे होतो, आणि दोन चुका एकमेकींना बऱ्याच अंशी खाऊन टाकतात. म्हणजे जी सवय पुस्तकात दोष होती ती त्या क्यूसाठी दुरुस्ती होती! १९९० च्या दशकात हलक्या टोकाचे, कमी ढळणारे क्यू बाजारात आले आणि तो हिशोबच बदलला. आज नवा मुलगा नवा क्यू घेऊन समांतर, सरळ मारायला शिकतो, आणि त्याच्या क्यूसाठी ते योग्यच आहे. त्यानं जुन्या खेळाडूचा व्हिडिओ बघून ‘किती चुकीचं मारतो’ म्हणू नये, एवढंच.

आपल्या परंपरेतली एक कल्पना मला इथे फार उपयोगी वाटते. वैशेषिकांनी ‘संस्कार’ नावाचा एक गुण मानला आणि त्याचे तीन प्रकार सांगितले. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात ते वाचायला मिळतात. वेग, भावना आणि स्थितिस्थापक. फेकलेल्या वस्तूला पुढे नेतो तो वेग. अनुभवातून आत्म्यात उरते आणि स्मृतीला कारण होते ती भावना. वाकवलेली फांदी सोडली की पुन्हा जागेवर येते, तो स्थितिस्थापक. विद्यार्थी विचारायचे, सर, या तीन अगदी वेगळ्या गोष्टी एका नावाखाली का घातल्या? बाणाची गती, माणसाची आठवण आणि फांदीची लवचीकता, यांचा संबंध काय? पुलाचा एक फटका बघा. टिपचं चामडं दबून परत येतं, तो स्थितिस्थापक. बॉल निघतो, तो वेग. आणि हात नेमका तसाच का आला? भावना. लाखो फटक्यांचा अनुभव तिथे साठलाय. तिन्ही संस्कार एका हजारांश सेकंदात एकमेकांच्या हातात हात देतात. ह्यूमच्या टेबलावर फक्त वेग होता.

शैली राहते ती भावनेत. बॉलला मिळतो फक्त वेग. म्हणूनच बॉलला विचारून शैलीचा निकाल लागत नाही.

फॉलो-थ्रू घ्या, म्हणजे बॉल निघून गेल्यावरही क्यू पुढे जात राहणं. झाडून सगळे शिक्षक सांगतात, फॉलो-थ्रू पूर्ण करा. भौतिकशास्त्राचा हुशार विद्यार्थी उठून म्हणेल, कशाला? बॉल तर गेला. नंतर तुम्ही क्यू पुढे न्या नाहीतर खिडकीतून फेकून द्या, त्याला काय फरक पडतो? बरोबर आहे त्याचं. आणि तरी शिक्षकही बरोबर आहेत. ज्याला बॉलपाशी थांबायचं आहे त्याचा हात बॉलच्या आधीच मंदावायला लागतो. पुढे जायचा इरादा असेल तरच तो बॉलपाशी भरवेगात असतो. फटक्याचा नंतरचा भाग आधीच्या भागाला घडवतो, इराद्याच्या वाटेनं. ॲरिस्टॉटलला हे ऐकून आनंद झाला असता. ह्यूमला कदाचित डोकं धरावं लागलं असतं. माणसाच्या कृतीचे बॉलसारखे तुकडे पाडता येत नाहीत, ती अशी अडचणीत आणते.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे ज्याचा त्याचा हात, ज्याची त्याची शैली, सगळंच चालतं? अजिबात नाही. हे वाक्य हल्ली फार ऐकू येतं आणि मला ते आळशी वाटतं.

कीथ मक्रेडी नावाचा अमेरिकन खेळाडू आहे. १९८६ च्या ‘द कलर ऑफ मनी’ या स्कॉर्सेसीच्या सिनेमात ग्रेडी सीझन्सच्या भूमिकेत तो दिसतो. त्याचं कोपर शरीराबाहेर फेकलेलं, हात लोलकासारखा खालून येण्याऐवजी बाजूनं येतो. आणि माणूस आपल्या काळातल्या भल्याभल्यांना हरवणारा. लोक हे उदाहरण देऊन सांगतात, बघा, काहीही चालतं. यात एक साधी तर्कदुष्टता आहे. आपल्याला बाजूनं मारणारा मक्रेडी दिसतो, कारण तो टिकला. तसंच मारणारे जे गावोगावच्या पूल हॉलमध्ये हरून घरी गेले त्यांचा व्हिडिओ कुणी काढला नाही. कॅरमचंच घ्या. चाळीत प्रत्येकाची बोट लावायची तऱ्हा वेगळी असायची, कुणी कात्री, कुणी अंगठा. त्यातल्या एखाद्याचीच तऱ्हा पुढे शैली म्हणून ओळखली गेली. बाकीच्यांची खोड राहिली.

मग फरक कुठे करायचा? माझी कसोटी सांगतो, पटते का बघा. रेयेसचा हात त्याच्यासाठी टेबलावर नवे रस्ते उघडतो. कुशनवर आपटून येणारे त्याचे लांब फटके, हळू चालणारा पण भरपूर फिरणारा बॉल, हे त्या सैल हाताशिवाय फार अवघड आहेत. म्हणजे वेगळेपणा काढून घेतलात तर खेळाचा एक तुकडा जातो. फिशरचा विराम काढून घ्या, तिची दबावाखालची अचूकता जाईल. राल्फ सूके हा जर्मन, १९९६ चा विश्वविजेता. टेबलाभोवती चालणं, रेषा पाहणं, वाकणं, अंदाज घेणं, सगळं दर वेळी एकाच मापात, पूजेच्या क्रमासारखं. प्रेक्षकांना कंटाळा येतो, मलाही आला आहे. पण त्या क्रमानं त्याला जे मिळतं ते दुसऱ्या कशानं मिळणार नाही, म्हणून ती शैली. मक्रेडीचं बाहेर आलेलं कोपर मात्र असा कुठलाच फटका देत नाही जो आत असलेल्या कोपरानं मारता येणार नाही. त्या माणसानं विलक्षण गुणवत्तेच्या जोरावर ते निभावून नेलं, आणि त्याबद्दल त्याला दाद द्यावीच लागेल. तरी मी त्याला शैली म्हणणार नाही. ती प्रिय झालेली खोड आहे.

हे कठोर वाटेल. पण समीक्षेत दोन्ही गोष्टी म्हणता आल्या पाहिजेत, मोठा खेळाडू आणि तरीही खोड. नाहीतर आपण फक्त टाळ्या वाजवतो.

दुसऱ्या बाजूचा आळस याहून धोक्याचा आहे. आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. स्ट्रोक सावकाश गतीत बघता येतो, विजेत्याचा हात आणि विद्यार्थ्याचा हात एकाच पडद्यावर लावता येतो. यातून एक सरळ, स्वच्छ, लोलकासारखा हात आदर्श ठरला आहे. नवशिक्याला तो शिकवणं शहाणपणाचं आहे, याबद्दल वाद नाही. सरळ हाताला कमी सांभाळावं लागतं. माझी तक्रार पुढच्या पायरीशी आहे. आदर्शापासूनचं प्रत्येक अंतर ‘चूक’ म्हणून लाल रेघेनं दाखवलं जातं, आणि ते अंतर कशाचं उत्तर होतं हे विचारलंच जात नाही. कमी उंचीचं, दृष्टीचं, जुन्या क्यूचं, घरच्या टेबलाचं? गिल्बर्ट राइलनं १९४९ मध्ये ‘काय ते माहीत असणं’ आणि ‘कसं ते माहीत असणं’ यांतला फरक दाखवला. लाल रेघेला पहिलंच कळतं. मुलाच्या हाताला दुसरं कळत असतं, आणि ते त्याला बोलून दाखवता येत नाही. म्हणून शिक्षकानं आधी मुलाला विचारू नये, ‘असं का मारतोस?’ त्याचे फटके मोजावेत. तो हात कुठे चुकतो आणि इतरांना न जमणारं कुठे जमवतो, दोन्ही. महिनाभर.

एक सामना सांगून थांबतो. डिसेंबर १९९६, हाँगकाँग. एका बाजूला रेयेस, दुसऱ्या बाजूला अमेरिकेचा अर्ल स्ट्रिकलंड, तोवर दोनदा नाइन-बॉलचा विश्वविजेता. ठाम, वेगवान, सरळ मारणारा माणूस, आणि मनानं इतका अस्वस्थ की पुढच्या आयुष्यात त्यानं क्यूला जोड लावून तो लांबवला, हातमोजे चढवले, हाताला वजनं बांधली. जो आधी १२० डाव जिंकेल तो विजेता, बक्षीस एक लाख डॉलर, सगळं जिंकणाऱ्याला. तीन दिवस चालला. स्ट्रिकलंड बराच वेळ चांगलाच पुढे होता. शेवटी रेयेस जिंकला, १२०–११७. दोनशे सदतीस डाव, एकाच टेबलावर, त्याच बॉलांनी, इतके निराळे दोन हात, आणि फरक तीन डावांचा.

प्रश्नांसाठी वीस मिनिटं आहेत. मागून कुणीतरी हात वर केला होता, त्यांच्यापासून सुरुवात करू.